विमान पाऊण तासाचं, उजळाईवाडी पावणेदोन तासांची

मा. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा भाचीनं मोबाइलला विचारलं, सांगली ते मुंबई विमानानं किती वेळ? उत्तर आलं : सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, पाऊण तास. आम्ही सगळे हसलो. विमान उडणार कुठून? सांगलीजवळच्या कवलापूरच्या माळावर विमानतळाची १६० एकर जागा आहे खरी, पण तिथं विमान उतरतं ते निवडणुकीच्या भाषणात.

म्हणजे कोल्हापूर. पन्नास किलोमीटर. तक्रार नाही, तिथलं उजळाईवाडीचं विमानतळ जुनं, संस्थानी, नवी टर्मिनल इमारतही २०२४ मध्ये झाली. तक्रार वेळेची आहे.

गेल्या हंगामात आईला तपासणीसाठी परळच्या एका रुग्णालयात न्यायचं होतं. गुडघे गेलेले, म्हणून विमान काढलं. साडेआठला सांगलीतलं विश्रामबाग सोडलं आणि अंकलीच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल, बाजू द्यायचं नाव नाही. आई रिपोर्टांच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसलेली. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं, तशी म्हणाली, "तारीख हुकती बघ आज." उजळाईवाडीला सव्वादहा. विमान बारानंतर हललं. वर जेमतेम पन्नास मिनिटं, त्यातही मुंबईवर एक घिरटी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. मग विमानानं रांगेत थांबायचं. परळला पोचलो तेव्हा पावणेतीन आणि केसपेपरची खिडकी बंद.

सव्वासहा तास झाले. गाडीनं आठ लागतात. एवढे पैसे मोजून वाचले पावणेदोन तास, वर परळात एक मुक्काम. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्री झोपलं असतं तर उजाडता दादरला उतरलो असतो.

उडान योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये असा हिशेब सांगितला होता. घर ते विमानतळ हा वेळ त्या हिशेबात धरलाच नव्हता. तो धरा, एवढंच मागणं.

कवलापूर होईल तेव्हा होईल. तोवर सकाळी सातला कोल्हापूरहून सुटून रात्री परतणारं विमान द्या, आणि ते नवी मुंबईला उतरू द्या. डिसेंबर २०२५ पासून ते विमानतळ सुरू आहे. विमानतळाजवळच्या उलव्याहून अटल सेतू धरला की समोर शिवडी, शिवडीला लागून परळ. आमचे निम्मे प्रवासी तिकडंच निघालेले असतात, हातात असल्याच पिशव्या घेऊन.

दुसरं, मिरज-सांगलीहून विमानाच्या वेळेला जोडलेली एसटी. एसटी आपल्या खात्यात येत नाही, ठाऊक आहे. पण आपण परिवहन मंत्र्यांना एक फोन केलात तर तो नक्की उचलला जाईल; आमचा आगारातही कुणी उचलत नाही.

पुढच्या महिन्यात आईची परत तारीख आहे. महालक्ष्मीचं तिकीट काढलंय. वेटिंग १४.

आपला,
सांगलीचा एक प्रवासी