अँड्रॉसच्या उथळ पाण्यात बाबांना उतरवणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवून भागलं असतं. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळावं, आणि उद्या कुणी आपल्या वडिलांना घेऊन बहामाला बोनफिश हा उथळ पाण्यातला मासा गरवायला निघालं तर त्याला त्याचा उपयोग व्हावा, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे.

कुठलं लॉज घेऊ, हा फोनवर माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत. उलट मलाच विचारलंत, "बाबांचे गुडघे कसे आहेत? गुडघाभर पाण्यात किती वेळ उभे राहतील? ऊन सोसतं का त्यांना?" मी सांगत गेले आणि तुम्ही लिहून घेत गेलात. बाबा विजयदुर्गच्या खाडीवर वाढलेले, शाळेतली नोकरी संपल्यावरही रोज गरी घेऊन खडकावर जाणारे, आता गुडघे कुरकुरतात पण वाळूवरून आरामात चालतात, खडकाळ किंवा चिखलाच्या जागी अडखळतात. सगळी सहल तुम्ही या एवढ्या माहितीवर उभी केलीत.

अँड्रॉस हे बहामातलं सगळ्यात मोठं बेट, जवळजवळ सहा हजार चौरस किलोमीटरचं. तेही अखंड नाही, नॉर्थ, मिडल आणि साउथ बाइट या खाड्यांनी त्याचे तुकडे पाडलेत. पूर्वेला प्रवाळांची लांबच लांब रांग आणि तिच्यापलीकडे 'टंग ऑफ द ओशन' हा हजार मीटरहून खोल समुद्र. पश्चिमेला मैलोन्‌मैल उथळ पाणी आणि तिवरं. त्यातला बराच भाग 2002 पासून वेस्ट साइड नॅशनल पार्कमध्ये राखलेला आहे. मोठा मासा हवा तर पश्चिमेला जा, असं मला जो तो सांगत होता. तिथला तळ पांढऱ्या मऊ गाळाचा आहे, त्यात पाय रुततो, हे फक्त तुम्ही सांगितलंत. म्हणजे बाबांनी दिवसभर होडीतच बसायचं. साउथ अँड्रॉसच्या बाजूला घट्ट वाळूचे सपाट पट्टे भरपूर आहेत. "आयुष्यभर पाण्याशी उभं राहून गरवलेल्या माणसाला होडीत बसवून ठेवू नकोस. मासा थोडा लहान मिळाला तरी चालेल," असं तुम्ही म्हणालात. जागा त्याच वाक्यावर ठरली.

मग महिना. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, शिवाय उन्हाळ्यात अँड्रॉसवर डॉक्टर फ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारे आले की उथळ पाणी एका रात्रीत गार होतं आणि बोनफिश खोल पाण्यात निघून जातो. उरला वसंत. इथवर कुणीही सांगितलं असतं. पण तुम्ही पंचांग काढलंत आणि म्हणालात, "रामनवमीचा आठवडा धर."

मला वाटलं, बाबांना बरं वाटावं म्हणून म्हणताय. कारण कळलं तेव्हा मी थक्क झाले. बोनफिश राहतो भरतीच्या तालावर. पाणी चढायला लागलं की तो त्या पाण्याच्या धारेबरोबरच उथळावर येतो, घोटाभर पाण्यातसुद्धा, आणि डोकं खाली घालून वाळूतले खेकडे, कोळंब्या, शिंपले उकरतो. तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर हलताना दिसते. पाणी फार चढलं की तो तिवरांच्या मुळांत शिरतो, तिथून त्याला कुणी काढू शकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या बाजूला सकाळी सात-आठलाच पूर्ण भरती असते. सकाळचा चांगला वेळ मासे तिवरांत. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, उलटं. आठच्या सुमाराला ओहोटी संपते आणि दुपारी दोनपर्यंत पाणी हळूहळू चढत राहतं. ऊन वर आलेलं, पाण्याचा तळ स्वच्छ दिसतोय आणि मासा आत येतोय. शिवाय भांगाचं पाणी सौम्य, ओढ कमी, बाबांच्या गुडघ्यांना सोपं.

हे तुम्ही बाबांना फोनवर सांगितलंत तेव्हा आधी ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा." तुम्ही म्हणालात, "त्यात साडेसात तास मिळवा, की नासाउची, म्हणजे बहामाच्या राजधानीची, येईल." त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी चहाबरोबर अँड्रॉसची भरती काढत होते आणि मला छापील तक्त्याशी ताडून बघायला लावत होते. बहुतेक वेळा जुळायची. आपल्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतं आणि तिथे जेमतेम मीटरभर, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. प्रत्यक्ष पाहिल्यावर पटलं. काका, वर्षानुवर्षं माझे वडील माझ्या घरी पाहुणे म्हणून येतात, टीव्ही बघतात, दाराशी फेऱ्या मारतात. तुम्ही त्यांच्या हातात एक काम दिलंत, आणि तेही त्यांच्या अधिकाराचं. याचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हीही तसंच सांगितलंत. नऊ फुटी, आठ नंबरच्या दोरीची, चार तुकड्यांची काठी, म्हणजे ती हातातल्या पिशवीत मावते आणि छोट्या विमानात अडचण होत नाही. रीळ खाऱ्या पाण्याचं, चांगल्या ब्रेकचं, दीडशे-दोनशे यार्ड जादा दोरा भरलेलं, कारण बोनफिशची पहिली धाव फार लांब जाते. पाण्यावरची चमक कापणारे, तांबूस काचांचे पोलराइज्ड चष्मे. "पैसे वाचवायचे असतील तर काठीत वाचव, चष्म्यात नको," हे तुमचं वाक्य मी सगळ्यांना सांगत सुटलेय. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली खोटी आमिषं, तुम्ही स्वतः बांधून डबीतून पाठवलीत. त्यात क्रेझी चार्ली सगळ्यात जास्त. बॉब नॉहाइम या अमेरिकी गड्याने 1970 च्या दशकात अँड्रॉसवर ती बांधली आणि तिथल्या चार्ली स्मिथ या गाइडचं नाव तिला मिळालं, ही गोष्ट तुम्ही डबीसोबतच्या चिठ्ठीत लिहिली होतीत. बाबांनी ती चिठ्ठी डबीतच ठेवलीय.

सराव मात्र तुम्ही कसून करून घेतलात. गवताच्या मैदानावर, वाऱ्यात, बारा-पंधरा मीटरवर ठेवलेल्या रिंगणात, दोन झोकांत फ्लाय टाकायची. मी इथे अमेरिकेत जॉर्जियाच्या डोंगरात ट्राउट धरायला शिकले. ट्राउटने घास घेतला की काठी उचलायची, हा माझ्या हाताचा स्वभाव. बोनफिशला काठी खालीच ठेवून डाव्या हाताने दोरी सरळ ओढायची असते, उचलली की फ्लाय त्याच्या तोंडून निघते. मला हे अंगी बाणवायला फार घोकावं लागलं. बाबांना काहीच करावं लागलं नाही. त्यांनी जन्मभर हातातल्या दोरीनेच मासे ओढलेत. तुम्ही हे आधीच ओळखलं होतंत. "झोक तू शिकव, ओढ ते तुला शिकवतील," असं तुम्ही मला म्हणाला होतात, आणि तसंच झालं.

आता सगळ्यात नाजूक भाग. "सोडूनच द्यायचा तर मासा धरायचा कशाला?" हा बाबांचा प्रश्न मला सोडवता येत नव्हता. मलाही तो प्रश्न खरा वाटतो. ज्या घरात मासा म्हणजे जेवण, तिथे तो खेळ कसा होईल? तुम्ही त्यांना उपदेश केला नाहीत. तुम्ही एवढंच सांगितलंत, की हा मासा वीस वर्षंही जगतो, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास थंडीच्या महिन्यांत थव्याने खोल समुद्रावर जाऊन अंडी सोडतो आणि पुन्हा आपल्या ठरावीक उथळावर परततो. म्हणजे आज सोडलेला मासा उद्या त्याच गाइडच्या त्याच जागेवर असतो. त्या माशाची तिथे खरेदी-विक्री चालत नाही, जाळं लावून तो धरता येत नाही, आणि बेटावरच्या कितीतरी घरांची चूल त्याच्या जिवंत असण्यावर पेटते. बहामाच्या दहा सेंटच्या नाण्यावर दोन बोनफिश आहेत, हेही तुम्ही सांगितलंत. बाबा म्हणाले, "म्हणजे तो त्यांचा आंबा आहे. झाड तोडून कोण खातो?" पुढे त्यांनी हा विषय काढला नाही.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, हात ओले करूनच मासा धरायचा, पाण्याबाहेर जमेल तितका कमी वेळ काढायचा, आणि जवळ लेमन शार्क किंवा बाराकुडा दिसला तर थांबायचं, हे सगळं तुम्ही कारणांसकट शिकवलंत. दमलेला मासा सोडल्यावर काही मिनिटांतच शार्कच्या तोंडी जातो. म्हणून लढत लांबवायची नाही. या बाबतीत मी बाबांपेक्षा कडक झाले आणि त्यांना ते आवडलं.

कागदपत्रांची यादी तुम्ही वेगळी दिली होतीत. बाबांच्या अमेरिकी व्हिसावर परत येता येतंय ना, भारतीय पासपोर्टसाठी बहामाचा नियम त्या आठवड्यात काय आहे, बेटावर छोटेच दवाखाने असल्याने आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा, आणि 2017 पासून परदेशी माणसाला लागणारा उथळ पाण्यातल्या मासेमारीचा परवाना. गाइड तिथलाच, त्याच गावचा घ्यायचा हा तुमचा आग्रह. त्याच्याशी तुम्ही स्वतः बोललात आणि एका होडीत दोघंच, आळीपाळीने, हे ठरवून दिलंत.

बाबांना मासा मिळाला. सकाळी नवाच्या सुमारास, पांढऱ्या वाळूवर, घोट्याच्या वर पाणी. गाइडने हात केला, "दहा वाजता, चाळीस फूट," म्हणजे होडीचं टोक बारा धरून डावीकडे. मला फक्त सावली दिसली. बाबांना मासा दिसला. त्यांनी टाकलं, थांबले, दोरी ओढली आणि रीळ किंचाळायला लागलं. दीड-दोन किलोचा असेल. सोडताना त्यांनी त्याला तोंड प्रवाहाकडे करून धरलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ताटात पीझ अँड राइस आला, तर बाबा म्हणाले, "अरे, हे तर तुरीचे दाणे!" आणि दोनदा मागून घेतला.

गाइडने तुमच्या टिपणांची प्रत मागितली, मी दिलीय. बाबा मे महिन्यात घरी परत जातायत. तुम्ही भारतात याल तेव्हा विजयदुर्गला चार दिवस काढून यायचं आहे, भरतीची वेळ ते काढून ठेवतील आणि तिथला मासा सोडायचा नाही, असा त्यांचा निरोप आहे. काकूंना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
विजयदुर्गच्या मास्तरांची लेक