लेझरचं कौतुक झालं, आता त्या गोळीचंही व्हावं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत अणुसंमीलनावरचा, म्हणजे हलके अणू एकत्र जुळवून ऊर्जा मिळवण्यावरचा, लेख वाचला. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी झालेल्या प्रयोगाची माहिती त्यात नीट दिली आहे : १९२ लेझर झोत, २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत, ३.१५ मेगाज्यूल बाहेर. मात्र हे सगळं ज्या वस्तूत घडलं, तिच्या वाट्याला लेखात तीन शब्द आले आहेत : ‘इंधनाची छोटी गोळी’. तीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची अचूक हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, तपासणीचं काम केलेल्या माणसाला हे लागतं, म्हणून हे पत्र.

ही गोळी म्हणजे हिऱ्याचा पोकळ मणी. व्यास सुमारे २ मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. भिंत साधारण ८० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीची. सिलिकॉनच्या गोळ्यावर वायूतून हिऱ्याचा थर चढवतात, पॉलिश करतात, मग बारीक भोक पाडून आतलं सिलिकॉन रसायनाने विरघळवून बाहेर काढतात. ओतकामात कास्टिंगमधला कोअर (पोकळी राहावी म्हणून आत ठेवलेला गाभा) काढतात, तीच युक्ती. नंतर २ मायक्रॉनच्या नळीतून ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं, म्हणजेच इंधन, आत भरून ते उणे २५० अंशांच्याही खाली गोठवतात. त्या बर्फाचा थर सगळीकडे सारखा हवा. इथे ट्रिटियमच मदतीला येतं. ते किरणोत्सारी असल्याने स्वतःच थोडं तापतं. जिथे थर जाड तिथे उष्णता जास्त, म्हणून तिथला बर्फ उडतो आणि पातळ जागी जाऊन गोठतो. थर आपला आपण समतल होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

लेझर या मण्यावर थेट पडतच नाही. मणी असतो सुमारे सेंटिमीटरभर लांबीच्या धातूच्या नळकांड्यात. झोत त्याच्या आतल्या भिंतीवर पडतात, तिथून निघणारे क्ष-किरण मण्याचा बाहेरचा हिरा उडवून देतात आणि त्या धक्क्याने उरलेला भाग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने आत दाबला जातो. अशा वेळी पृष्ठभागावरचा उंचवटा, भिंतीतली पोकळी, फार काय ती भरणीची नळीसुद्धा, असा प्रत्येक दोष दाबताना वाढत जातो आणि हिऱ्याचे कण इंधनात घुसून ते थंड करतात. बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यावर) दोन मायक्रॉनचा हायस्पॉट, म्हणजे उंचवटा, राहिला म्हणून अख्खा लॉट परत आलेला मी पाहिला आहे. पण तिथे रेस फिरत तरी होती. इथे सगळं एका क्षणात, एकदाच.

८ ऑगस्ट २०२१ रोजी याच प्रयोगशाळेत १.३ मेगाज्यूलपर्यंत मजल गेली होती. नंतर तोच प्रयोग पुन्हा केला, तर तेवढी ऊर्जा मिळेना. डिझाइन तेच होतं, मणी मात्र तितके निर्दोष नव्हते. पुढे अ‍ॅनी क्रिचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मण्याची भिंत थोडी जाड केली, लेझरची ऊर्जा थोडी वाढवली आणि दाब सर्व बाजूंनी सारखा पडेल अशी झोतांची जुळणी केली. थोडाफार दोष सोसेल असं डिझाइन केलं, आणि डिसेंबर २०२२ चं यश त्यातूनच आलं. चांगला टूल डिझायनर हेच करतो : कारागिराच्या हातून काय होऊ शकतं, ते धरून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ती मर्यादा, देतो. जुलै २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या ऊर्जेचा आकडा ३.८८ मेगाज्यूलवर गेला.

लेझर चालवायला विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले, हेही लेखात यायला हवं होतं. आणि वीजकेंद्र करायचं तर सेकंदाला दहाएक गोळ्या लागतील असं धरतात. म्हणजे दिवसाला साडेआठ लाखांहून जास्त, आणि प्रत्येक इतकीच चोख. आज एकेक मणी क्ष-किरणांखाली फिरवून आतल्या पोकळ्या मोजतात. साडेआठ लाख कसे मोजणार, हा माझ्या मते या विद्येपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो टूलरूमचा प्रश्न आहे.

पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा लेझरच्या दालनाऐवजी त्या मण्याचा फोटो छापा, शेजारी मोहरीचा दाणा ठेवून. आयटीआयमध्ये फाइल घासायला शिकणारी मुलंही आपला पेपर वाचतात.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस, चिंचवड