गुरुवारच्या तपासणीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर ‘पोटात सुई’ म्हटल्यावर आई एकदम गप्प झाली, म्हणून गुरुवारच्या गर्भजल तपासणीबद्दल सविस्तर लिहिते. तब्येत उत्तम आहे, काळजी नको.

आधी रक्ताच्या तपासणीचं. गरोदर बाईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे असतात आणि त्यावरून बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची नुसती शक्यता सांगतात. ‘धोका जास्त’ असा रिपोर्ट आलेल्यांचीही पुष्कळ बाळं ठणठणीत निघतात. खात्री करायची तर दोनच वाटा. एक, ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेणं. पण शंभरात एक-दोन वेळा वारेतली गुणसूत्रं बाळापेक्षा वेगळी असतात, आणि रक्ताची तपासणीही वारेचीच, म्हणजे तीच चूक दोनदा व्हायची. म्हणून आम्ही दुसरी निवडली, गर्भजलाची, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याची. ती १५ आठवडे पूर्ण झाल्यावरच करतात. त्याआधी केली तर गर्भपाताचा आणि बाळाचं पाऊल वाकडं होण्याचा धोका वाढतो. ‘इतके दिवस का थांबलात’ याचं उत्तर एवढंच.

आता सुई. आधी सोनोग्राफीत बाळ आणि वार कुठे आहे ते पाहतात, पोट जंतुनाशकाने पुसतात आणि लांब, बारीक सुई सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत बघतच आत घालतात. बाळापासून दूर, पाण्याचा मोकळा कप्पा शोधून. १५-२० मिली पाणी काढतात, तेवढं एक-दोन दिवसांत भरून येतं. सुई आत असते जेमतेम एक-दोन मिनिटं. भूल सहसा देत नाहीत. गर्भाशयाला सुई लागते तेव्हा पाळीसारखी कळ येते, बाकी टोचणं रक्त काढताना असतं तेवढंच. कधी पाण्याभोवतीचा पातळ पडदा सुईपुढे नुसता ताणला जातो, पाणी येत नाही, मग पुन्हा टोचावं लागतं. दोनदा जमलं नाही तर हट्ट न करता काही दिवसांनी बोलावतात.

माझा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि यांचा पॉझिटिव्ह, म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, म्हणजे बाळाचं रक्त माझ्यात मिसळलं तरी माझं शरीर त्याच्याविरुद्ध उठत नाही. बाबा, हे मी स्वतः विचारून घेतलंय.

गर्भपाताचा वाढीव धोका हजारात पाचाहूनही कमी. शून्य नाही, हे लपवत नाही. एक-दोन दिवस जड उचलायचं नाही, पण अंथरुणाला खिळून राहायचीही गरज नसते. पाणी गळलं, रक्त गेलं, ताप किंवा थंडी वाजली, कळा थांबल्याच नाहीत, तर लगेच दवाखाना. हे वाक्य फ्रिजवर लावलंय.

ज्यांत दोष जास्त आढळतात त्या तीन गुणसूत्रांचा (१३, १८ आणि २१) निकाल दोन-तीन दिवसांत येतो. सगळ्या गुणसूत्रांसाठी पेशी वाढवाव्या लागतात, त्याला दोनेक आठवडे. तेव्हा शनिवारपासून रोज फोन करून ‘आलं का?’ विचारू नका. आणि सगळं नीट आलं तरी हृदयाचे वगैरे दोष यात दिसत नाहीत, त्यासाठी १८-२० आठवड्यांची सोनोग्राफी आहेच.

इथली एक तऱ्हा मात्र अजून माझ्या पचनी पडत नाही. डॉक्टर ‘करून घ्या’ म्हणतच नाहीत! आधी समुपदेशक बसते, हजारात किती ते कागदावर लिहून दाखवते आणि विचारते, ‘उत्तर कळल्यावर तुम्ही काय कराल?’ तुम्ही माझ्या जागी असता तर, असं विचारलं की हसते आणि प्रश्न पुन्हा आपल्याकडेच. मी ‘नको’ म्हटलं असतं तर तेही तिने तितक्याच शांतपणे लिहून घेतलं असतं. आधी राग आला होता. पण प्रश्न खोटा नाही: निकालाने काहीच बदलणार नसेल तर सुई कशाला? आम्हाला कळायला हवंय, कारण प्रसूती कुठे करायची आणि जन्मल्यावर कुठले डॉक्टर लागतील ते आधी ठरवता येईल. फॉर्मवर मुलगा की मुलगी सांगायचं का, असाही रकाना होता. आम्ही ‘नको’वर खूण केली. आत्याला कळवून टाका.

एकटी नाहीये मी. त्या दिवशी यांनी रजा घेतलीय.

आणखी दोन गोष्टी. तपासणी विम्यात बसते. बाबा, एफडी मोडू नका, खरंच गरज नाही. आणि धाकट्याच्या लग्नाची तारीख माझ्यामुळे पुढे ढकलू नका. तेव्हा मला ३७वा आठवडा असेल, विमानात घेणार नाहीत. करवली म्हणून चिंगीला उभं करा. हॉलची उरलेली रक्कम मी सोमवारी पाठवते. एवढं तरी करू दे, आई.

तुमची,
ताई