पोटखराबा

सातारा,
विसर्जनानंतरचा रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दिवसभर गार पाण्यात वाकून एका मीटरच्या चौकटीत शेवाळ मोजते. बोटं बधिर होतात. आणि हे कुणासाठी मोजतेय तेच कळेनासं झालंय." तेवढ्यात तुझी रेंज गेली. मला बोलायचं होतं ते राहिलंच. फोनवर तसंही मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या बोलण्यानं रात्रभर डोळा लागला नाही. शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं कासला गेलो. शनिवार-रविवारी तिथं माणसांचाच सडा पडलेला असतो, शुक्रवारी जरा निवांत. गेंद फुललाय, सीतेच्या आसवांनी अख्खे उतार जांभळे झालेत. पण मी गेलो होतो दवबिंदू, ते किडे खाणारं रोपटं, बघायला. पायवाटेच्या कडेला, पाणी झिरपतं तिथं, खडकाला चिकटून बसलेला सापडला. खिशात छापखान्यातलं भिंग होतं. गुडघे टेकले आणि बघितलं. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका पानावर चिलटासारखा एक किडा अडकलेला. त्याच्या दोन्ही बाजूंचे केस आत वळले होते. पंधरा मिनिटं मी हललो नाही. एक केस तेवढ्यात आणखी थोडा वाकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तू शाळेत असताना मला विचारलं होतंस, झाड किडे का खातं? तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. जांभ्यावर बोटभर माती, त्यातला कस पाऊस धुऊन नेतो, नायट्रोजन मिळत नाही, म्हणून ते किड्यातून घेतात. आणि आता तू सांगतेस की तुझ्या दलदलीतही दवबिंदू आहे, गोल पानांचा, आणि त्याचं कारणही तेच. तिथं शेवाळ पाणी आंबट करून ठेवतं, थंडीत काही कुजत नाही, मुळांना खायला मिळत नाही. कास कुठं, कॅनडातल्या अल्बर्टाची उत्तर कुठं! आणि एकाच कुळातली दोन रोपटी एकाच अडचणीवर एकाच तऱ्हेनं जगतात. मला याचं इतकं बरं वाटलं की काय सांगू. जणू तू परक्या मुलखात नाहीसच.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो, पण जरा लांबून.

आपल्या सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. नांगर लागत नाही, पीक येत नाही, ती जागा. सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, जमिनीच्या उताऱ्यांवर हाच शब्द किंवा मग पडीक. तुझ्याकडं तेलवाळूच्या खाणी आहेत, तिथं आधी झाडं तोडतात, मग दलदलीचं पाणी काढून ती खरवडतात, मग खालचे मातीचे थर उचलतात. तेलाच्या वर जे काही आहे त्याला खाणीच्या भाषेत ओव्हरबर्डन म्हणतात, असं तूच मला मागच्या वर्षी सांगितलंस. वरचं ओझं! तिथल्या क्री लोकांनी त्या दलदलीला दिलेल्या नावावरूनच मस्केग हा शब्द आला. जे तिथं राहिले त्यांनी नाव दिलं, ज्यांना खालचं हवं होतं त्यांनी ओझं म्हटलं. मला हे शब्द खुपतात. पोटखराबा म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं, कुणाच्या मनाला टोचत नाही.

आणि ते ओझं म्हणजे काय, हे तुझ्यामुळं मला कळायला लागलंय. शेवाळाची वरची बोटभर टोकं तेवढी जिवंत, खालचं सगळं मेलेलं, पण न कुजलेलं. पेशी पोकळ, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर कापसाऐवजी हेच बांधत, आणि क्री आया तान्ह्या बाळांच्या लंगोटात वाळवून घालत. (आई हे ऐकून म्हणाली, आपल्याकडं आजीच्या मऊ लुगड्याचं काम!) त्याचं पीट, म्हणजे हाच न कुजलेला थर, बनतं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. तू पहार खुपसून दोन मीटर खोली मोजलीस, तो फोटो मी सगळ्यांना दाखवला. दोन मीटर म्हणजे दोन हजार वर्षं. सातवाहनांच्या काळात पडलेलं शेवाळ तुझ्या पहारीच्या टोकाला लागलं असेल. या जंगलात झाडांपेक्षा जास्त कार्बन जमिनीत आणि पीटमध्ये आहे. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात ती काडीसारखी काळी स्प्रूसची झाडं, मनगटाएवढी जाड आणि शंभर वर्षांची. खरी ठेव त्यांच्या पायाखाली.

माझाही या जंगलाशी संबंध आहे, मनू, तुझ्याआधीपासून. एकतीस वर्षं छापखान्यात काढली. रिळाचं खाकी वेष्टण फाडताना त्यावर कॅनडा लिहिलेलं कितीदा वाचलं असेल. आम्हाला एवढंच ठाऊक, की तो कागद पळताना तुटत नाही. रद्दीच्या आणि चिपाडाच्या लगद्याचा कागद वेग वाढवला की मध्येच फाटायचा, मशीन थांबवून पुन्हा ओवायचा, तोवर पहाटेची गाडी निघून जायची. कॅनडाचं रीळ लागलं की रात्रपाळी सुखाची. स्प्रूसचा तंतू तीन मिलिमीटरच्या आसपास लांब आणि चिपाडाचा त्याच्या निम्मा, हे निवृत्त झाल्यावर तुझ्याकडून कळलं. परवा जुन्या कागदाचा तुकडा फाडून फाटलेली कड भिंगाखाली धरली. बारीक पांढरे केस दिसले, इकडून तिकडं विणल्यासारखे. थंडीत ऐंशी-शंभर वर्षं वाढलेलं झाड ते. सकाळी सातला अंक वाचून व्हायचा आणि दहाला त्याच कागदात भजी बांधून मिळायची. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी काम सोडलं नसतं, घर चालवायचं होतं. पण उरलेला कागद टाकताना हात थोडा अडला असता. तोडलेल्या जागी पुन्हा झाडं लावतात, हे खरं. पण सगळी एका वयाची, रांगेत. पडलेली, पोखरलेली जुनी खोडं आणि त्यांच्यावर जगणारं जे काही, ते रांगेत लावता येत नाही.

काल आईनं गोडा मसाला केला. दगडफूल भाजायला टाकलं तसा वास माजघरापर्यंत आला आणि मला तुझे ते पांढुरके कुरकुरीत गालिचे आठवले, कॅरिबू, ती तिकडची रानटी रेनडिअर, खातात ते. दगडफुलाचेच ते भाऊबंद. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, मूळ नाही, जे घ्यायचं ते पावसातून आणि हवेतून. वाढ वर्षाला चारपाच मिलिमीटर. कोरड्या दिवसात तिथं बूट पडला तर कित्येक वर्षांची वाढ चुरा होते, तेव्हा पाय जपून टाक. कॅरिबू या शब्दाचा अर्थच बर्फ उकरणारा, मिकमाक लोकांच्या बोलीतला. हिवाळाभर तो खुरांनी बर्फ उकरतो ते या दगडफुलासाठी. मूळ नसल्यामुळं माणसानं हवेत सोडलेलं सगळं त्यालाच आधी बाधतं. रशियात नोरिल्स्कच्या निकेलच्या भट्ट्यांतून गंधकाचा धूर निघाला आणि लांबलांबपर्यंत लार्चची झाडं आणि दगडफुलं मरून गेली. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिल झालं, किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर स्वीडनच्या जंगलात उतरलं, दगडफुलानं ते शोषलं, रेनडिअरनं दगडफूल खाल्लं, आणि सामी मेंढपाळांना (रेनडिअर राखणाऱ्यांना दुसरं काय म्हणू?) हजारो जनावरांचं मांस फेकून द्यावं लागलं. ज्यांनी अणुभट्टी कधी पाहिली नव्हती त्यांना.

वणव्याचं तू विचारलं होतंस, तेवढं लिहितो. आपल्याकडं फाल्गुन-चैत्रात यवतेश्वरच्या डोंगरावर, अजिंक्यताऱ्यावर जो वणवा दिसतो तो माणसानंच लावलेला. तुझ्या जंगलाला आग नवी नाही, तिथं विजेनंही लागते. जॅक पाइनचे शंकू डिंकानं बंद असतात, आगीच्या धगीनं डिंक वितळतो तेव्हाच बी बाहेर पडतं. किती सोसून शिकलं असेल ते झाड! पण आता उन्हाळे तापलेत आणि आग लवकर लवकर परत येते. पोरगेलं स्प्रूस बी धरायच्या आधीच पुन्हा जळतं, आणि कोरडं पडलेलं पीट बर्फाखाली हिवाळाभर धुमसत राहून वसंतात पुन्हा पेट घेतं. 2016 मध्ये फोर्ट मॅकमरे गाव रिकामं करावं लागलं, ऐंशी हजारांहून जास्त माणसं. 2023 मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. तेव्हा तू तिथं नव्हतीस म्हणून आईनं देवापुढं साखर ठेवली होती. पण या उन्हाळ्यात धुराचा फोटो तू पाठवलास तो मी तिला अजून दाखवलेला नाही.

आता तुझ्या चौकटीचं.

तेल शोधायला जंगलातून ज्या सरळ वाटा कापल्या, सहा-आठ मीटर रुंद आणि सगळ्या मिळून लाखो किलोमीटर, त्यातल्या कित्येक वाटांवर चाळीस-पन्नास वर्षांनीही झाड उगवलेलं नाही. बुलडोझरनं शेवाळाचे उंचवटे दाबून सपाट केले, तिथं पाणी साचलं, स्प्रूसचं रोप बुडून मरतं. आणि त्या मोकळ्या वाटेनं लांडगा भरधाव जातो आणि कॅरिबूला गाठतो. एवढंच झालं, एक वाट कापली, आणि कॅरिबू संपायला लागला. आता यंत्रानं पुन्हा उंचवटे करून त्यावर रोपं लावतात आणि तू त्या उंचवट्यांवर शेवाळ परत येतंय का ते मोजतेस. कुणासाठी, असं विचारतेस.

चाळकेवाडीच्या सड्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या आल्या, त्याच्या आधी जमिनींची खरेदी सुरू झाली होती. त्या खरेदीची हँडबिलं मी छापली. पडीक जमिनीला भाव, असा मोठा टाइप मीच बसवला होता. वीज नको असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो, आजही म्हणत नाही. पण सड्यावर मुरूम टाकून रस्ते केले, चर खणले, आणि एका चरामुळं पावसाचं पाणी उभं राहायचं थांबलं की त्या पाण्यातली वनस्पती दुसऱ्या वर्षी येत नाही. आजीचं माहेर त्या बाजूचं. ती सांगायची, अमक्या डबक्यात वायतुरा यायचा, तमक्या खडकावर कंद मिळायचा, श्रावणात अमुक भाजी. मी तीन वर्षांपूर्वी तिच्या सांगण्यावरून त्या जागा शोधत फिरलो. काही ठिकाणी वायतुरा सापडला. काही ठिकाणी रस्ता होता. आणि बाकीच्या ठिकाणी काहीच नव्हतं, आणि तिथं पूर्वी खरंच काही होतं की आजीच्या आठवणीत जागा बदलल्या, हे मला सांगता येईना. कारण आधी कुणी मोजलंच नव्हतं. कुणी चौकट टाकून बसलं नव्हतं. तलाठ्याच्या दप्तरात पोटखराबा आणि माझ्या हँडबिलावर पडीक, एवढीच त्या सड्याची लेखी नोंद.

पाच-सहा वर्षांची मुलगी होतीस तेव्हा कासला तुला फुलांत बसवून मी फोटो काढलाय. तेव्हा सगळेच काढायचे. तो अल्बममध्ये आहे, मी काढून टाकला नाही. तुझ्या मांडीखाली काय काय चिरडलंय ते आता मला ओळखू येतं.

कामाचं सांगतो. शेजारच्या काकूंचा भाचा दिवाळीआधी कॅलगरीला परत जातोय, त्याच्याबरोबर माझं भिंग पाठवतो. आठपट मोठं दाखवतं, छपाईचा ठिपकान् ठिपका त्यानं तपासलाय. शेवाळाचं एक टोक त्याखाली धरून बघ आणि तुला काय दिसलं ते मला लिही, फोनवर नको. आणि त्या उंचवट्यावर या वर्षी किती चौकटींत शेवाळ धरलं तो आकडाही कळव, मी वहीत लिहून ठेवतोय. काचेला बोट लावू नकोस. पुसायला पिवळं फडकं डबीतच ठेवलंय.

आईचा आणि माझा आशीर्वाद.

तुझा,
बाबा