तेरेल्जहून आई-बाबांना

तेरेल्ज, मंगोलिया
जुलैचा शेवटचा आठवडा

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

इथे फोनला रेंज नाही. मागच्या टेकडीवर गेलं तर थोडी येते, पण दोन वाक्यं बोलून होईपर्यंत आवाज तुटतो. म्हणून पत्रच लिहायला घेतलंय. आज दुपारी शिबिरातल्या सगळ्या मुलांना घरी पत्र लिहायला बसवलंय आणि इथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनी आम्हा मोठ्यांच्या हातातही कागद दिले. मुलं गवतात पालथी पडून लिहितायत.

आधी तब्येतीचं. मी ठणठणीत आहे. रात्री जुलैतसुद्धा चांगलीच थंडी पडते, त्यामुळे आई, तू बळेबळे बॅगेत कोंबलेला स्वेटर रोज अंगात असतो. राजधानी उलानबातरहून गाडीने दीडदोन तासांवर ही जागा आहे. चहूबाजूंनी ग्रॅनाइटचे उघडे डोंगर, त्यांच्या उतारांवर देवदारासारखी उंच झाडं आणि खाली तूल नदी. रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. आम्ही गेरमध्ये राहतो, म्हणजे लाकडी सांगाड्यावर लोकरीच्या नमद्याचे थर बांधून केलेलं गोल घर. दार दक्षिणेला, चूल मधोमध. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आत शिरायच्या आधीच लहान मुलांनी मला बजावलं.

जेवायला रोज मटण असतं. मीठ आणि कांदा सोडला तर त्यात काही नसतं. बाबा, तुम्हाला आवडलं असतं. चहा दुधाचा, पण मीठ घातलेला. आता मला त्याची सवय झाली आहे. पहाटे चुली पेटवायच्या आणि पाणी भरायचं, मग कोबी-गाजर चिरायचं, कणीक मळायची, ती लाटून तिच्या पट्ट्या कापायच्या, आणि शेवटी मोठी भांडी घासायची. आमच्या गटातल्या सगळ्यांना असंच काम आहे. बायबलचे पाठ, गाणी, खेळ, संध्याकाळची उपासना हे सगळं इथल्याच मंडळीतले तरुण घेतात. आम्ही त्यांच्या हाताखाली.

बाबा, निघायच्या आदल्या रात्री तुम्ही विचारलं होतंत, की विमानाच्या तिकिटाला एवढे पैसे घालायचे, त्यात आपल्या नगर जिल्ह्यातल्या किती पोरांचं शिबिर झालं असतं? तेव्हा मी गप्प बसलो, कारण प्रश्न रास्त होता. इथे भांडी घासताना तो रोज डोक्यात असतो.

आपल्या घराण्यात किती पिढ्या प्रभूला मानतात, ते तुम्हीच मला मोजून दाखवलं होतं. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. त्यानंतर शाळा, दवाखाने, चर्चं, कीर्तनं, भजनं. आपल्याला सगळं तयार मिळालं. इथे तसं काही नाही. १९९० पर्यंत देशावर कम्युनिस्ट राजवट होती. लोकशाही आली त्याच साली मंगोल भाषेतला नवा करार छापून आला आणि संपूर्ण बायबल यायला २००० साल उजाडलं. आमचे पाळक पंचेचाळिशीतले आहेत. देव नाही, असं त्यांना शाळेत शिकवलं गेलं. घरातले पहिले विश्वासी ते स्वतःच. मंडळीतल्या कुणाच्याही आजीने त्यांना मांडीवर घेऊन प्रभूची प्रार्थना शिकवलेली नाही. रविवारी तुमच्या शेजारी कंटाळून बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळायला इतक्या लांब यावं लागलं.

आणि तरीही ही माणसं कुणावर जबरदस्ती करत नाहीत. शिबिराला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी पाळक स्वतः जातात आणि पालकांची लेखी परवानगी घेतात. शिबिराच्या आधी मीही त्यांच्याबरोबर एकदोन घरी गेलो होतो. शहराच्या कडेला टेकड्यांवर कुंपणं घालून उभे केलेले गेर आहेत, कुरणं सोडून आलेली कुटुंबं तिथे राहतात. एका घरात आजी आणि नात. आजी बौद्ध, कपाटावर लोण्याचा दिवा लावलेला. सही मागितल्यावर तिने कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. १९३७ नंतरच्या दडपशाहीत इथले बहुतेक सगळे मठ पाडले, हजारो लामांना मारलं. तिचे एक काका त्यात गेले. कुठल्याही धर्माच्या कागदावर घरातल्या पोरीचं नाव लिहायचं म्हटलं की अजून हात थांबतो, असं ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, हा कुठला? भारतातला म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला. बकुला, बकुला म्हणत तिने माझे दोन्ही हात धरले. लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे १९९० ते २००० अशी दहा वर्षं इथे आपले राजदूत होते. बंद पडलेले मठ पुन्हा उभे राहावेत म्हणून ते झटले, म्हणून जुनी माणसं अजून त्यांचं नाव काढतात. मी त्यांच्या धर्माचा नाही हे तिला सांगितलं, तरी तिने हात सोडले नाहीत. शेवटी तिने सही केली, वर पाळकांना बजावलं की पोरीला थंडीत नदीत उतरू देऊ नका. एका बौद्ध भिक्षूने इथे जो विश्वास कमावला, त्याच्या बळावर माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला त्या घरात चहा मिळाला. बाबा, मला याचं फार वाटलं. उपासनेत माझी साक्ष झाली, म्हणजे सगळ्यांपुढे आपल्या विश्वासाविषयी बोलायची माझी पाळी आली, तेव्हा मी हेच सांगितलं.

म्हणूनच शेवटच्या रात्री ‘प्रभूला कोण स्वीकारतं’ म्हणून मुलांना हात वर करायला लावायचं आणि किती हात वर आले ते अहवालात लिहायचं, हे मला पटत नाही. तसं होताना मी आपल्याकडेही पाहिलंय. इथे ते होत नाही. शिबिर संपल्यावर हेच पाळक वजा तीस अंशांच्या थंडीत या पोरांच्या घरी कोळशाच्या गोण्या पोचवतात, अभ्यास घेतात, भांडणं मिटवतात. खरं मिशन तेव्हा चालतं आणि तेव्हा आमच्यापैकी कुणीही इथे नसतो.

आई, एका मुलाविषयी तुला सांगायचंय. तेरा वर्षांचा आहे. कुस्तीत पटाईत. इथल्या कुस्तीत हरलेला जिंकणाऱ्याच्या काखेखालून जातो, आणि याने त्याच्याहून मोठ्या पोरांना तसं जायला लावलंय. त्याची आई कामासाठी दक्षिण कोरियात आहे. इथल्या पुष्कळ घरांतली कुणी ना कुणी तिकडे आहेत. आज पत्र लिहायला बसला, तीन ओळी लिहिल्या आणि कागद घेऊन स्वयंपाकाच्या तंबूत माझ्यापाशी आला. दुभाष्याचं काम करणारी कॉलेजची मुलगी तिथेच होती. त्याने तिच्याकरवी विचारलं, तुझी आई आहे का? म्हटलं, आहे, सत्तरीला आलीय. मग म्हणाला, तिला सोडून का आलास?

मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. तो बोटांवर दिवस मोजत राहिला. त्याची आई कधी येणार ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्या वेळी मला त्याला बायबलमधलं एखादं वचन सांगता आलं असतं. मी सुरी आणि बटाट्यांची पाटी त्याच्याकडे सरकवली. अर्धी पाटी सोलून झाल्यावर त्याने हात पुसले आणि तिथेच बसून पानभर लिहिलं. घोडीला शिंगरू झालं, त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, आजोबांचा दात पडला, असं सगळं. आठवण येते असं कुठेच लिहिलं नाही. मला वाटतं, ती वाचेल तेव्हा तिला ते दिसेल. तू रोज रात्री आम्हा मुलांची नावं घेऊन प्रार्थना करतेस, त्यात एक नाव वाढव. आल्यावर तुला त्याचं नाव नीट सांगेन. तोवर ‘कुस्तीवाला’ म्हटलंस तरी प्रभूला कळेल.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मला सुचलं तेवढं. पुढच्या वर्षी आमच्या गटातल्या आठ-दहा जणांनी पुन्हा इकडे येण्यापेक्षा इथल्या दोन तरुणांना आपण मे महिन्यात नगरला बोलवावं. आपल्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेत, आणि युवक शिबिरात त्यांनी शिकवावं, आपल्या पोरांनी त्यांच्या हाताखाली काम करावं. पहिल्या पिढीचा विश्वास कसा असतो ते आपल्या मुलांनी बघितलेलं नाही. मीही बघितलेला नव्हता. आमच्या सगळ्यांच्या तिकिटांच्या मानाने दोघांच्या येण्याजाण्याचा खर्च फारच कमी. उरलेल्यात तुम्ही म्हणता तसं आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचं शिबिर होईल. पाळकांशी मी बोललोय, ते राजी आहेत. त्यांनी एकच अट घातली, उन्हाळ्यात दुपारी मुलांना सावलीत ठेवायचं.

हे चर्च कमिटीपुढे तुम्ही मांडाल का? मी मांडलं तर नुकताच फिरून आलेला पोरगा म्हणून ऐकून घेतील आणि विसरून जातील. तुम्ही बोललात तर थांबून ऐकतील. पण तुम्हाला पटलं असेल तरच. पटलं नाही तर आल्यावर मला सांगा, आपण बसून बोलू.

आईची बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, रिकाम्या पोटी नाही. गुडघा दुखत असेल तर पाण्याची कळशी उचलू नये, शेजारच्या पोराला हाक मारावी. मागच्या पडवीचं गळतं मी आल्यावर बघतो. बाबांनी शिडीवर चढायचं नाही.

दिल्लीला उतरलो की फोन करतो.

तुमचा
थोरला