आधी पूर्ण वाचा, मग रागवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मायना बरोबर आहे ना बाबा? आठवीत याच मायन्याचा अर्धा मार्क कापला होतात, स्वतःच्या पोरीचा, मी अजून विसरले नाहीये. खरं तर फोनवरच सांगणार होते, तीनदा लावला पण, आणि तिन्ही वेळा आईने 'जेवलीस का' विचारलं आणि मी काय जेवले ते सांगत बसले. शिवाय फोनवर आई नुसतं 'बरं' म्हणते आणि फोन बाबांकडे देते आणि बाबा हवापाण्याचं विचारतात. त्या 'बरं'चीच भीती वाटते मला. म्हणून लिहितेय. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

तर गुरुवारी मी सही केली. अजून तीन वर्षं दक्षिण आफ्रिका, डरबन.

आई, चष्मा काढून ठेवू नकोस, पुढे वाच. हे अचानक नाही केलेलं. गेले चार महिने डोक्यात चालू होतं. पुण्यात दोन ठिकाणी विचारून पाहिलं, पोर्टचं काम पुण्यात कुठून असणार, सगळं एक्सेल शीटवर बसून कुणाच्या तरी कंटेनरचा पाठपुरावा, आणि पगार सहा वर्षांपूर्वीचा. मुंबईत मिळालं असतं, पण मुंबईत राहून मी महिन्यातून एकदा चिपळूणला आले असते आणि तेही रविवारी दुपारी परत, हे तुम्हालाही माहितीये, दादाचं बघतोच आहोत. इथे वर्षाला सलग पाच आठवडे सुट्टी देणारेत, लेखी घेतलंय. घराच्या मागच्या भिंतीचं काम राहिलंय ते या वर्षी होऊन जाईल. वरिष्ठ चांगल्या आहेत. घर ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे. नळाचं पाणी थेट पिता येतं.

आणि मला इथे आवडतं. हे एक वाक्य लिहायला मला वरचा अख्खा परिच्छेद खर्च करावा लागला बघा.

मला माहितीये मी कधी निघाले ते. महापूर जुलै २०२१ चा आणि मी जानेवारीत विमानात. भिंतींना अजून चिखलाचा वास येत होता, फ्रीज नवा यायचा होता, आई शेजारच्यांच्या गॅसवर चहा करत होती, आणि मी बॅग भरत होते. तुम्ही दोघांनी एका शब्दाने अडवलं नाहीत. बाबांनी हॉलच्या भिंतीवर पाणी आलं तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घातलीये, रंग काढताना तेवढा पट्टा सोडायला लावला, ती रेघ मला इथे रात्री दिसते कधीकधी. माझ्या कपाळाच्याही वर होती ती.

आणि एक कबुली देऊन टाकते, कारण बाबांच्या अँजिओप्लास्टीचं तुम्ही मला तीन दिवसांनी सांगितलंत त्यावरून मी जो तमाशा केला तो आठवून लाज वाटते. एप्रिल २०२२ मध्ये इथे पूर आला होता. मी तुम्हाला 'जरा जास्त पाऊस आहे' म्हणाले होते. जरा नव्हता. चारशेच्या वर माणसं गेली. डोंगरउतारावरची घरं घसरून खाली आली, कंटेनर पाण्यावर तरंगत हायवेपर्यंत गेले. माझं घर उंचावर, मला काही झालं नाही, पण दहा दिवस नळाला पाणी नव्हतं आणि मी टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभी होते. रांगेत शेजारच्या आंटीने विचारलं की तू एवढी शांत कशी, मी म्हटलं मी चिपळूणची आहे. तिला काय कळणार त्यातलं. फिट्टंफाट झाली असं समजा. यापुढे दोन्ही बाजूंनी लपवाछपवी बंद.

या आंटीबद्दल आई तुला मी अर्धंच सांगितलंय. तिच्या पणजोबांच्या वेळी लोक मद्रासहून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर आले, उसाच्या मळ्यांत. पहिलं जहाज १८६० च्या नोव्हेंबरमध्ये लागलं, 'ट्रुरो' नावाचं. प्रत्येकाला नंबर असायचा, आंटीकडे पणजोबांचा नंबर असलेल्या कागदाची झेरॉक्स आहे, देव्हाऱ्यात ठेवलीये. तमिळ तिला येत नाही, घरात सगळे इंग्रजीच बोलतात, पण मुरुगनची गाणी तोंडपाठ, अर्थ न कळता. मी आजारी पडले तेव्हा हिनेच सूप आणलं होतं आणि वर दरडावून गेली की हेटर लावून झोपायचं नाही. अगदी तूच. म्हणजे माझ्यावर ओरडायला इथे माणूस आहे, ती काळजी सोड.

आणि तिने मला रविवारी काय खायला घातलं ओळख. पुरी आणि पाथा. पाथा म्हणजे काय, तर आपली अळूवडी! इथे अळूला माडुंबी म्हणतात, त्याच्या पानांना पीठ-चिंच-तिखट लावून गुंडाळी, उकडून, तळून, आणि गरम पुरीबरोबर. मी पहिला घास खाल्ला आणि मला मागच्या दारचा पन्हळीचा आवाज आला, खोटं नाही सांगत. तुझ्याइतकी खुसखुशीत नव्हती. (हे तिला सांगितलं नाही.)

बनी चाऊचा फोटो पाठवला होता तेव्हा आई तू 'अगं बाई, ब्रेडचा डबा?' लिहिलं होतंस. अगदी तसंच असतं. स्लाइस न केलेल्या पांढऱ्या ब्रेडचा पाव भाग नाहीतर अर्धा कापायचा, मधला मऊ भाग काढायचा, आत रस्सा भरायचा, आणि तो काढलेला मऊ गोळा वर बुचासारखा ठेवायचा. काटे-चमचे नाहीत. आधी वरचा गोळा बुडवून खायचा, मग कडा तोडत तोडत खाली यायचं, घाई केली की तळ फुटतो आणि सगळं कागदावर. माझा पहिल्यांदा फुटला, पांढऱ्या कुर्त्यावर. बाजूला किसलेलं गाजर-कांदा-मिरची. 'बनी' हे बनियावरून आलं म्हणतात. तुझ्यासाठी राजम्यासारख्या घेवड्याचा मिळतो, तो मटणापेक्षा भारी लागतो असं माझं मत, बाबा सहमत होणार नाहीत.

मसाल्याचं दुकान तर तुला दाखवायचंच आहे. व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटात मसाल्यांचे रंगीत डोंगर रचून ठेवलेले असतात आणि प्रत्येकावर नावाची पाटी. सगळ्यात तिखट जो असतो त्याचं नाव काय, तर 'मदर-इन-लॉ एक्स्टर्मिनेटर'. सासू-संहारक मसाला! मी पाटी वाचून एकटीच हसले आणि मग आजीच्या फोटोची आठवण येऊन मनातल्या मनात माफीही मागितली. तुला पाव किलो आणला असता पण बाबांचं पथ्य. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, इंडियात कुठली, मी रत्नागिरी जिल्हा म्हटल्यावर तो हातातलं माप खाली ठेवून म्हणाला, आमचे आजोबा खेडचे. त्याला कोकणी येत नाही. एकच शब्द येतो, 'भाकरी'. तोच दोनदा म्हणाला आणि मला दालचिनी फुकट दिली.

आता बाबा. तुम्ही म्हणाल हे सगळं खाण्याचंच चाललंय. फिनिक्सला जाऊन आले मी. गांधींनी १९०४ मध्ये वसवलेला आश्रम, १९८५ च्या दंगलीत जाळला होता, नंतर पुन्हा बांधला. आणि तुमचे गोखले! कोतळूकचे गोपाळराव १९१२ मध्ये या देशात आले होते, फिनिक्सलाही गेले होते, गिरमिट संपल्यावरही हिंदी माणसाला जो तीन पौंडांचा कर भरावा लागायचा त्याच्याविरुद्ध बोलायला. मधुमेह होता ना त्यांना, आणि पुढे दोन-सव्वादोन वर्षांत गेलेच, तरी एवढा बोटीचा प्रवास केला. तुम्ही मात्र एका स्टेंटनंतर रत्नागिरीला जायलाही नको म्हणता. असो. फिनिक्सपासून जवळच ओहलांगेची शाळा आहे, मंडेलांनी १९९४ मध्ये आयुष्यातलं पहिलं मत दिलं ती. मी तिथे उभी राहून विचार केला की बाबा असते तर आता पंधरा मिनिटं बोलले असते आणि मी कंटाळले असते. खरंच कंटाळायचं होतं मला.

समुद्रावर रोज संध्याकाळी जाते. बांधीव रस्ता आहे किनाऱ्याला लागून, लांबच लांब, सायकली, पोरं, पळणारे, बुरखेवाल्या बायका, सगळे एकत्र. आंटी सांगते, १९८९ पर्यंत गोऱ्यांचा किनारा वेगळा, हिंदी लोकांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, पाट्या लावलेल्या. तिच्या लहानपणी झोपाळे गोऱ्यांच्या बाजूला होते. अजूनही ती तिथे गेली की झोपाळ्यावर दोन मिनिटं बसते, सत्तर वर्षांची बाई. पाणी कोमट असतं, उत्तरेकडून गरम प्रवाह येतो ना, आणि शार्कसाठी बाहेर जाळी लावलेली असतात त्यामुळे मी सुरक्षित आहे. आणि हो, जाते तेव्हा उजेड असतो, एकटी नसते, अंधार पडायच्या आत घरी. चोऱ्यामाऱ्या आहेत इथे, नाही कशाला म्हणू, ठरवलंय ना लपवायचं नाही. गाडीच्या काचा वर, पर्स सीटखाली, कॉम्प्लेक्सला गेट आणि वॉचमन. लोडशेडिंगचं तर घरच्यासारखंच वाटलं, शब्दही तोच! हल्ली जवळजवळ बंद झालंय.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी सांगतेय कारण दुसरा एक निर्णयही मी घेऊन टाकलाय आणि हा तुमच्याबद्दल आहे.

जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे येताय. तिकिटं काढलीत. परत होत नाहीत (बाबा, थोडे पैसे कापून होतात, पण तुम्ही हे वाचलं नाही असं समजा).

ऐका ना. आपला पावसाळा तो इथला हिवाळा. कोरडा. दिवसा बावीस-तेवीस डिग्री, ऊन, रात्री एक गोधडी. आईचे गुडघे जून-जुलैत धरतात ते इथे धरणार नाहीत. आणि बाबा, दरवर्षी वाशिष्ठीला पाणी वाढलं की तुम्ही रात्री तीनतीनदा उठून बॅटरी घेऊन पायरीवर जाता, आईने सांगितलंय मला. ते हृदयाला चांगलं नाही. घर सांभाळायला दादा येऊन-जाऊन राहील. कपाटं वरच्या मजल्यावर आहेत. पाणी यायचं असेल तर तुम्ही बॅटरी मारल्याने थांबणार नाही हो.

आणि तुमच्यासाठी खास म्हणजे त्याच दिवसांत इथे सार्डीन येतात, आपल्या तारल्यांसारखे, थवेच्या थवे किनाऱ्याला. ते यायच्या सुमाराला शार्कची जाळी काढून घेतात. मग होडीतून जाळं टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि माणसं ओढायला लागतात. रापण! हुबेहूब गुहागरची रापण, फक्त ओरडा झुलूत, इथल्या लोकांच्या भाषेत. बायका साडी-स्कर्ट खोचून बादल्या घेऊन पाण्यात. मागच्या वर्षी मीही दोर ओढला, तळव्याला फोड आले, आणि मला तुमचा तो खाकी हाफपँटीतला अवतार आठवला, मला खांद्यावर बसवून दोर ओढायचात आणि वाट्याचे मासे पिशवीत, पिशवी माझ्या नाकाशी. इथे तुम्ही ओढायचा नाही. नुसतं बघायचं. खुर्ची आणेन.

आता यादी नीट वाचा. बीपीची गोळी सकाळचीच, चहाच्या आधी, 'आज बरं वाटतंय म्हणून घेतली नाही' चालणार नाही. कौलांवर चढायचं नाही, शाकारायला माणूस बोलवा, पैसे मी पाठवलेत. बाथरूममध्ये पकडायचा दांडा या आठवड्यात बसला पाहिजे, फोटो हवा. आई, पोळ्यांना बाई ठेव. ती तुझ्यासारख्या करणार नाही, मान्य, पण ठेव. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची, दोघांनी, दुबईला विमान बदलायचंय आणि चालणं भरपूर आहे, 'लोक काय म्हणतील' हे दुबईत कोण म्हणणार आहे? डॉक्टरांना दादाने विचारलंय, त्यांची हरकत नाही, गोळ्या हातातल्या बॅगेत आणि चिठ्ठी सोबत.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता सगळं मिळतं, कुकर आहे, इंडियन चहा आहे. तुझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. देवाचा कोनाडा मी रिकामा ठेवलाय. पहाटे हाडीडा नावाचे पक्षी विव्हळल्यासारखे ओरडतात, घाबरायचं नाही. आणि खिडकी उघडी ठेवून केळी टेबलावर ठेवायची नाहीत, माकडं आत येतात, तुला काय सांगायचं म्हणा, तू तर परसातल्या वानरांशी बोलतेस.

अजून एक. झुलूत वडिलांना आणि कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला बाबा म्हणतात. आपलाच शब्द. आमचा वॉचमन रोज कुणा ना कुणा म्हाताऱ्याला 'सावुबोना बाबा' करतो आणि पहिले काही महिने मी प्रत्येक वेळी वळून बघायचे. त्याला सांगून ठेवलंय, जूनमध्ये माझे येणारेत.

व्हिसासाठी पासपोर्ट लागतील. लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेत ते नाही, ते पुरात भिजलेले. नवे वरच्या फळीवर, आजीच्या पितळी डब्यात, नथीच्या खाली. आई, डबा उघडलास की नथ तुझ्याकडेच ठेव, उगीच दादाबरोबर पाठवू नकोस. उद्या तुमचे रात्रीचे दहा म्हणजे माझे साडेसहा, तेव्हा फोन करते. नुसतं 'बरं' म्हणायचं नाही.

तुमची,
मनू