जलअस्वलाची जनुके उसनी नाहीत

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जलअस्वलांवरचा लेख वाचला. लेख सुरेख आहे. पण ‘या प्राण्याची सहावा हिस्सा जनुके जिवाणूंसारख्या परक्या जीवांकडून आली, म्हणूनच तो एवढा चिवट’ हा दावा केव्हाच बाद झाला आहे. पावसाळ्यात कौलांवरचे मॉस भिजवून अकरावीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकातून हा आठ पायांचा जीव दाखवण्यात माझी सारी नोकरी सरली, त्यामुळे राहवले नाही.

मूळ दावा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील गटाचा, नोव्हेंबर २०१५ मधला. ६,६६३ जनुके, म्हणजे १७.५ टक्के, परकी! जेमतेम आठवडा उलटतो तोच एडिनबर्गच्या मार्क ब्लॅक्स्टर यांच्या गटाने त्याच जातीच्या जीनोमचे, म्हणजे संपूर्ण डीएनएचे, आपले काम पुढे ठेवले. त्यात उसनवारी जवळपास नव्हतीच.

घोळ कुठे झाला? हा प्राणी इतका बारीक की डीएनएसाठी पुष्कळ प्राणी एकत्र घ्यावे लागतात. त्यांच्या पोटातले, पाण्यातले जिवाणूही सोबत येतात. संगणक डीएनएचे तुकडे जोडतो, पण कुठला तुकडा कुणाचा हे त्यावर लिहिलेले नसते. एडिनबर्गच्या मंडळींनी प्रत्येक तुकडा किती वेळा वाचला गेला आणि त्यात डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी जी व सी यांचे प्रमाण किती, हे आलेखावर मांडले. जलअस्वलाचे तुकडे एका जागी दाटले, जिवाणूंचे वेगळे पडले. अमेरिकी गटाचा कच्चा डेटाही त्यांनी याच पद्धतीने तपासला, तेव्हा ‘उसन्या’ जनुकांतली बहुतेक जिवाणूंचीच निघाली.

अमेरिकी गटाला हसू नये. त्यांनी डेटा खुला ठेवला म्हणून तर ही तपासणी इतक्या लवकर झाली. मला राग आहे तो बातम्यांचा: दावा जगभर गाजला, खंडन मात्र फारसे कुणी छापले नाही, आणि तीच जुनी बातमी अजून लेखांत उतरते आहे.

टोकियोच्या गटाने २०१६ मध्ये दुसऱ्या एका जातीत परक्या जनुकांचे प्रमाण १.२ टक्के दाखवले. त्याच कामात ‘डीसप’ हे प्रथिन सापडले. मानवी पेशींत घातल्यावर क्ष-किरणांनी होणारी डीएनएची हानी त्याने सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. हे प्रथिन जिवाणूंकडून आलेले नाही, जलअस्वलाचे स्वतःचे आहे. दुरुस्ती त्याच पुरवणीत छापावी आणि तीत डीसपलाही चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, आजरा (जि. कोल्हापूर)